प्रवेश नाकारला आहे

सामायिक ड्राइव्हवरची फाइल उघडली नाही की पडद्यावर दोन ओळी येतात : परवानगी नाही, प्रशासकाशी संपर्क साधा. परवानगी कोणी अडवली आणि कशासाठी, याचा उल्लेख नसतो. एवढ्यापुरतं हे यंत्र सरकारी पत्रव्यवहारात चांगलं मुरलेलं आहे. पारनेर तालुक्यात या दोन ओळींना जास्तच रंग चढतो. याच तालुक्यातल्या राळेगणसिद्धीच्या अण्णा हजारे यांनी माहितीच्या अधिकारासाठी रान उठवलं. राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपये भरणाऱ्या अर्जदाराला तीस दिवसांत उत्तर मिळण्याचा हक्क आहे. उत्तर देणाऱ्या लिपिकाला तीच फाइल उघडेना, तर त्याच्यासाठी मात्र पहिलं अपील नाही आणि दुसरंही नाही.

आधी दोष परवानगीचाच आहे का, ते पाहावं. 'फक्त वाचता येईल' असं एक्सेल म्हणालं, तर बहुधा ती फाइल दुसऱ्या कोणीतरी उघडून ठेवलेली असते, आणि तो चहाला गेलेला असतो. इथे तांत्रिक ज्ञानापेक्षा टपरीपर्यंत जाणं लवकर फळतं.

फाइल मोकळी असूनही उघडत नसेल, तर अडथळे दोन. विंडोजच्या सर्व्हरवर सामायिक फोल्डरला एक परवानगी असते आणि आतल्या फाइलींना एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेची दुसरी. गावच्या वेशीतून सोडलं म्हणून कोणी वाड्यात घेत नाही, तसंच हे. नेटवर्कवरून येणाऱ्याला दोन्हींतली जी कडक, ती लागू. म्हणूनच एकीकडे 'पूर्ण नियंत्रण' देऊनही काम अडतं आणि देणारा शपथेवर सांगतो, 'मी तर दिलंय.' दोघंही खरं बोलत असतात.

एकाच पातळीवरच्या नोंदींत नकार होकारावर मात करतो. कर्मचारी पाच गटांत असला आणि चार गटांनी होकार दिला, तरी पाचव्याचा नकार चालतो; सभागृहातलं बहुमत इथे कामाचं नाही. फाइलच्या गुणधर्मांत, सुरक्षेच्या प्रगत भागात, प्रत्यक्ष लागू अधिकार तपासता येतात. तिथे त्या माणसाचं नाव टाकलं की काय चालतं आणि काय अडतं ते दिसतं. हे पान उघडणारा माणूस कार्यालयात क्वचितच सापडतो.

गटात नाव घातल्यावरही लगेच काही घडत नाही. अधिकारांची यादी लॉग-इन करतानाच बनते, त्यामुळे बाहेर पडून पुन्हा आत यावं लागतं. ते न करता दुपारभर तीच फाइल टिचक्या मारून उघडणं, ही चिकाटी वाखाणण्याजोगी, पण निष्फळ. आणखी एक खोडी : फाइलची नक्कल केली तर ती नव्या फोल्डरचे अधिकार घेते; त्याच ड्राइव्हवर हलवली तर बहुधा जुनेच घेऊन येते. आस्थापनेतून हललेली फाइल लेखा विभागात जाऊनही आस्थापनेचीच राहते.

या सगळ्यावर कार्यालयीन रामबाण एकच : 'सर्वांना पूर्ण नियंत्रण', दोन्ही पातळ्यांवर. तक्रारी थांबतात. मग एका संगणकात शिरलेला खंडणीखोर व्हायरस त्या सर्वांमध्ये मोजला जातो आणि साऱ्या फाइलींना कुलूप घालतो, कारण लिहिण्याची परवानगी त्यालाही मिळालेली असते.

शेवटी उरतो मालकीचा प्रश्न. खातं पुसलेल्या माणसाच्या जागी यादीत नाव न दिसता एस-१-५-२१ असा लांबलचक आकडा दिसतो. प्रशासक मालकी स्वतःकडे घेऊ शकतो, आणि घ्यावीही. मात्र नवी परवानगी माणसाच्या नावावर न देता पदाच्या गटाला द्यावी. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदली कायद्यानुसार सर्वसाधारण बदल्या एप्रिल-मे महिन्यांत होतात, आणि यादीतला पुढचा आकडा जूनमध्ये तयार असतो.