फाळका सागाचा आहे

मंदिराच्या रस्त्याला गाडी उभी करून मी काचेवर 'विकणे आहे'ची पाटी लावली, तेव्हा सौ. एवढंच म्हणाली, "किंमत तरी लिहा." मी लिहिली नाही. येणाऱ्याला आधी गाडीची माहिती द्यायची आणि तो पुरता भारावला की हळूच आकडा सोडायचा, असा बेत होता. बेताचा पहिला भाग रोज यथासांग पार पडे.

जागाही विचार करूनच निवडली होती. वादापायी १९८१ पासून कुलूप लागलेलं अंतरिक्ष पार्श्वनाथाचं मंदिर २०२३ मध्ये उघडलं आणि शिरपूर जैनमध्ये पुन्हा मुंबई-गुजरात पासिंगच्या गाड्या दिसू लागल्या. आमच्या वाशीमच्या मालेगाव तालुक्यात जुन्या गाडीचं वेड असलेलं गिऱ्हाईक मिळणार नाही, हे ठाऊक होतं. पण दर्शन घेऊन प्रसन्न मनानं बाहेर पडलेल्या माणसाचा हात खिशाकडे सहज जातो, असा माझा अंदाज. हात जात असे. त्यातून मोबाइल निघे, गाडीपुढे अख्खं कुटुंब उभं राही आणि मला सांगितलं जाई, "अंकल, जरा बाजूला व्हा."

तर माहिती अशी. महिंद्रा एफसी-१५०, मॉडेल १९६८. विलीज जीपचं हे चपट्या तोंडाचं भावंड. त्याचा तोंडवळा ब्रुक्स स्टीव्हन्स या अमेरिकन डिझायनरचा, आणि महिंद्रानं १९६५ पासून तो इथल्या रस्त्यांवर आणला. पुढं बोनट म्हणून नाहीच. इंजिन कॅबिनमध्ये, ड्रायव्हर आणि शेजारच्याच्या मधोमध, झाकणाखाली. म्हणजे मे महिन्यात वाशीमचा पारा त्रेचाळिसावर असताना आपण इंजिनाच्या मांडीला मांडी लावून बसतो. सगळं वजन पुढं असल्यामुळं हौदा रिकामा असताना ब्रेक जोरात दाबला, तर मागचा भाग उचलल्यासारखा होतो. मंदिरातल्या अधांतरी मूर्तीखालून पूर्वी घोडेस्वार जाई आणि आता नुसतं वस्त्र सरकतं, असं म्हणतात. मी गिऱ्हाइकांना अभिमानानं सांगे, की गाडीही शिरपूरचीच आहे. मागची चाकं थोडी अंतरिक्षात असायचीच. हे ऐकून गिऱ्हाईक ब्रेकविषयी विचारू लागे आणि गाडीच्या इतिहासातला त्याचा रस कमी होई.

ही मला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या आवारात सापडली. हौद्यात बाभूळ उगवलेली होती. बाभळीसकट पाऊण लाखाला घेतली, आणि नंतर तिच्यात जे घातलं त्याचा हिशोब सौ.च्या वहीत आहे. ती वही पाहुणे आले की निघते. मूळ पेट्रोल इंजिन गायब होतं, तिथं मिस्त्रीनं ट्रॅक्टरचं डिझेल इंजिन बसवलं. पाटे दुसऱ्या जीपचे, काचा हिंगोलीच्या. पण हौद्याचा तळ आणि फाळका, तो माझा. पाडलेल्या वाड्याची सागाची तुळई मिळवली, चिरून घेतली, पॉलिश पेपर मारमारून अशी गुळगुळीत केली, की तिच्यावर सोयाबीनचं पोतं टाकायचा धीर होऊ नये. मलाही झाला नाही. माल वाहायला जन्मलेली गाडी माझ्याकडे आल्यापासून फक्त स्वतःचं कव्हर वाहत होती.

गिऱ्हाइकं आली नाहीत असं नाही. पहिला आला तो जमिनीवर पालथा पडून खालून सगळं बघून उठला. मला वाटलं, जाणकार. म्हणाला, "इंजन तेवढं देता का? ओढ्यावर पानी उपसाले लावतो." दुसऱ्यानं फाळक्यावरून इतक्या प्रेमानं हात फिरवला, की मी चहा सांगितला. चहा संपवून तो म्हणाला, "सर, गाडी ठिवा तुमच्यापाशी. फया द्या. घराची चौकट कराची हाये." तिसऱ्यानं मात्र बोटाच्या पेरानं दार वाजवून पाहिलं आणि खऱ्या कळवळ्यानं बोलला, "असा पत्रा आता येत नाई, सर. काय जाड हाये!" एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच कोणाला गाडी कळली होती. माझा आवाज भरून आला. त्यानं विचारलं, "वजन किती भरन?" तो भंगारवाला होता.

रात्री बसून मी बेरीज केली. इंजिन, फळ्या, पत्रा आणि चार चाकं वेगवेगळी विकली तर बरा पैसा होत होता. तेच सगळं नटबोल्टनी एकत्र धरलं की भाव पडे.

मग कोणीतरी सुचवलं, की गाडीची विंटेज म्हणून नोंद करा, किंमत चढेल. जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारनं तसे नियम काढले आहेत. पन्नास वर्षं ओलांडलेली गाडी हवी. वीस हजार भरले की दहा वर्षांची नोंदणी आणि 'व्हीए' अक्षरांचा खास नंबर. रोज रस्त्यावर काढायची नाही, धंद्याला लावायची नाही. या दोन्ही अटी माझी गाडी नियम निघण्याच्या आधीपासून स्वखुशीनं पाळत होती. मेख पुढं होती. गाडी मूळ रूपात हवी. चेसी, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार चालणार नाही. हे मी मिस्त्रीला वाचून दाखवलं. चिंधीनं ग्रीसचे हात पुसत तो म्हणाला, "मंग तं जिनिंगमदी पडून होती, तवाच ते विंटेज होती."

पुण्याहून समृद्धी महामार्गानं आलेल्या एका संग्राहकानं त्यावर शिक्का मारला. गाडीभोवती अदबीनं चक्कर मारून त्यानं जुने फोटो मागितले. बाभळीचा फोटो पाहताच त्याचे डोळे चमकले. "ही, अशी असती ना, तर आत्ता चेक फाडला असता," म्हणाला. बाभूळ मीच तोडली होती. तिची लाकडं बंबात गेली.

शेवटी रिसोडकडचा एक मंडपवाला आला. ब्रुक्स स्टीव्हन्सच्या नावापाशीच मला थांबवून त्यानं विचारलं, "हौद्यात नवरा-नवरी धरून किती मानसं उभी राह्यतीन? अन् लाइटिंग टिकन का?" आकडा त्यानंच सांगितला. मी विचार करायला वेळ मागायच्या बेतात होतो, तेवढ्यात सौ.नं आतून पेढे आणले. इसार मिळाला, फॉर्म २९ आणि ३० वर सह्या झाल्या.

फक्त गाडी त्याच्या हातानं सुरू होईना. त्यात विशेष काही नाही: हीटर दाबून वीसपर्यंत मोजायचं, क्लच अर्धा, डावा गुडघा झाकणाला टेकवायचा आणि थरथर जाणवली की चावी फिरवायची. तो मोजे, मी मोजे. माझ्या मोजण्यानं ती सुरू होई, त्याच्या नाही. घाम पुसत तो म्हणाला, "सर, लग्नाच्या दिवशी तुमीच येत जा न."

तेव्हापासून लग्नसराईत मी फेटा बांधून रिसोड-मालेगाव पट्ट्यात असतो. डीजेमागं चालीनं गाडी न्यायची, ब्रेक हलकेच दाबायचा. मागं नवरदेव उभा असतो, त्याला मी १९६५ पासून सुरुवात करून सांगू पाहतो. डीजेपुढं त्याला काही ऐकू जात नाही, पण तो मान हलवतो. बाकीच्या गिऱ्हाइकांनी तेवढंही केलं नव्हतं.

परवा मध्यरात्री टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन घरी आलो. दार उघडताना सौ.नं विचारलं, "त्यानं इसार दिला होता तो गाडीचा, की तुमचा?"