ढोलकी मालकाची

अष्टविनायकाच्या गाड्या ओझरला थांबतात. माणसं विघ्नहराचं दर्शन घेतात, पेढे घेतात, सोनेरी शिखराचे आणि दीपमाळांचे फोटो काढतात आणि पुढच्या गणपतीच्या रस्त्याला लागतात. गाडीवाल्यानं गणपती दाखवायचे पैसे घेतलेले असतात, गावातली माणसं दाखवायचे नाहीत. म्हणून आमच्या मेटलवाल्याची, म्हणजे हेवी मेटल संगीताचं वेड लागलेल्या गड्याची, ओळख करून द्यायचं काम माझ्याकडे येतं.

मेटलवाला लांबूनच ओळखू येतो. चैत्राच्या उन्हात, टोमॅटोच्या तोडणीला, चुलतबहिणीच्या हळदीला, कुणाच्या दहाव्याला, सगळीकडे काळा टी-शर्ट. दहाव्याला तो खपून जातो, बाकी ठिकाणी पाहुणे विचारतात. त्यावर बँडचं नाव अशा अक्षरांत छापलेलं असतं, की बाभळीच्या फांद्या एकमेकींत अडकल्यात असं वाटावं. ते वाचता कुणालाच येत नाही. ज्याला आधीपासून माहीत आहे, त्याला वाचल्याचा भास होतो, एवढंच. केस खांद्याच्या खाली. मुलगी बघायच्या कार्यक्रमाला त्यानं ते केस वर गुंडाळून गांधी टोपीत कोंबले होते. मंचरकर मंडळींना पोरगं फार वळणाचं वाटलं. टोपी उतरली ती थेट लग्नानंतर.

आईची तक्रार वेगळीच. "काय रं ती राक्षसाची गाणी सकाळच्या पारी!" त्यावर त्याचं उत्तर तयार असतं. विघ्नासुर शरण आला तेव्हा त्यानं देवाकडे काय मागितलं? तुझ्या नावात माझं नाव राहू दे. "आपला देव राक्षसाचं नाव लावतो, आई. मी नुसती गाणी ऐकतो." आईला हे पटत नाही, पण ओझरात राहून खोडताही येत नाही.

ही लागण त्याला अवसरीला झाली. तंत्रनिकेतनात डिप्लोमाला असताना डोंबिवलीचा एक पोरगा खोलीत आला आणि त्याच्याबरोबर एक पेनड्राइव्ह आला. डिप्लोमा कसाबसा झाला, पेनड्राइव्ह मात्र तोंडपाठ झाला. २०११ च्या ऑक्टोबरात मेटालिका पहिल्यांदा भारतात आली. गुडगावचा कार्यक्रम ऐनवेळी रद्द झाला, बंगळूरचा मात्र ३० तारखेला पॅलेस ग्राउंडवर झाला. मेटलवाला घरी "इंटरव्ह्यूला चाललोय" असं सांगून गेला. परत आला तो घसा पार बसलेला, मान धरलेली. वडील म्हणाले, "एवढं काय विचारलं रं त्यांनी?"

या पंथात सुपरग्रुप म्हणून एक मोठा सण असतो. निरनिराळ्या गाजलेल्या बँडमधली नावाजलेली माणसं एकत्र येतात, नवं नाव घेतात आणि पहिला अल्बम काढतात. दुसरीकडे हे समजावून सांगावं लागत असेल, आमच्याकडे लागत नाही. नारायणगाव हाकेच्या अंतरावर. विठाबाईंचं गाव, तमाशाची पंढरी. जत्रांचा हंगाम जवळ आला, की तिथे फडांच्या राहुट्या पडतात आणि गावोगावचे पंच सुपारी द्यायला येऊन बसतात. पाट्यांवर जोडीनं नावं: रघुवीर खेडकर सह कांताबाई सातारकर, तुकाराम खेडकर सह पांडुरंग मुळे मांजरवाडीकर. पाटीवर मोठी नावं वाढली की सुपारीचा आकडा वाढतो, हे अर्थशास्त्र आमच्याकडे शाळेत जायच्या आधी कळतं. आणि पाटी मोठी असली म्हणजे वग रंगतोच असं नाही, हे कळायला म्हातारपण यावं लागतं.

ते ज्यांना आलंय ते मेटलवाल्याचे आजोबा. सगळी आळी त्यांना आबा म्हणते. तमाशा सोडून कशावर ते मत देत नाहीत आणि तमाशावर दिल्यावाचून राहत नाहीत. कुठला सोंगाड्या कुणाचा फड सोडून कुठे गेला आणि त्यामुळे कुणाची बतावणी पडली, हे त्यांना नातवंडांच्या जन्मतारखांपेक्षा पक्कं ठाऊक. नातू आपल्यावर गेलाय हे त्यांना मान्य नाही. नातवालाही नाही.

तर २०१७ साली सन्स ऑफ अपोलो या बँडची घोषणा झाली. ड्रमवर माइक पोर्टनॉय, ड्रीम थिएटरच्या संस्थापकांपैकी एक, २०१० साली तिथून बाहेर पडलेला. कीबोर्डवर डेरेक शेरिनियन, नव्वदीत ड्रीम थिएटरमध्ये वाजवून गेलेला. बासवर मिस्टर बिगचा बिली शीहन. गिटारवर बम्बलफूट, जो काही वर्षं गन्स अँड रोझेसमध्ये होता. आणि गायला जेफ स्कॉट सोटो, ज्याचा आवाज १९८४ साली इंग्वे माल्मस्टीनच्या पहिल्या अल्बमवर उमटला होता. मेटलवाल्यानं ही यादी मला पारावर म्हणून दाखवली, ती संकष्टीला अथर्वशीर्ष म्हणतात त्या चालीवर. यातला पोर्टनॉय म्हणजे तर कहर. ड्रीम थिएटर सोडल्यापासून फ्लाइंग कलर्स, अॅड्रेनलिन मॉब, वायनरी डॉग्ज, मेटल अलिजन्स, असा जिकडे तिकडे तोच. मला त्याचं नवल वाटलं नाही. पतसंस्था, दूध संस्था, विकास सोसायटी, शाळेची कमिटी, कुठेही गेलं तरी संचालक म्हणून तोच गृहस्थ भेटावा, याची आम्हाला जन्मापासून सवय आहे.

अल्बम यायला अवकाश होता, पण मत बनवायला अल्बम लागतो कुठे? तालुक्यात तिघे कट्टर. एक हा, एक आळेफाट्याचा, एक जुन्नरचा. तिघांची बैठक नारायणगावला मसाला दुधावर बसायची आणि दूध संपलं तरी उठायची नाही. आळेफाट्याचं म्हणणं, पोर्टनॉय आणि शेरिनियन दोघं आले म्हणजे हे ड्रीम थिएटरच, पाटी बदललेली. जुन्नरचा म्हणे, सोटोचा गळा हार्ड रॉकचा, या अवघड मोजमापाच्या संगीताला तो चालायचा नाही. मेटलवाल्याचा निकाल एका शब्दाचा होता: मास्टरपीस. मग साइन्स ऑफ द टाइम हे गाणं अल्बमच्या आधी बाहेर आलं. तिघांनी ते ऐकलं आणि तिघांचीही मतं जागची हलली नाहीत, उलट प्रत्येकाला त्यात स्वतःचा पुरावा सापडला.

सायकॉटिक सिंफनी हा तो पहिला अल्बम २० ऑक्टोबर २०१७ ला प्रसिद्ध झाला. त्या दिवशी दिवाळीचा पाडवा होता. जर्मनीतल्या इनसाइडआउट कंपनीनं पंचांग बघितलं असण्याचा संभव कमी, पण मेटलवाल्यानं तो साडेतिनातला अर्धा मुहूर्त अंगावर घेतला. अभ्यंगस्नान करून, कोरा काळा शर्ट घालून तो माडीवर गेला आणि आतून कडी लावली. अल्बम ऐकायचे त्याचे नेम कडक आहेत. पहिल्यापासून शेवटपर्यंत, क्रमानं, मध्ये उठायचं नाही, बोलायचं नाही, चकलीसुद्धा खायची नाही, कारण कुरकुर आवाजात झांजा हरवतात. गाणी नऊच, पण पहिलंच अकरा मिनिटांचं. खाली लग्नानंतरचा पहिला पाडवा. बायको नऊवारी नेसून तबक घेऊन उभी. निरांजनात दोनदा तेल घालून झालं. सासूबाई जिन्याखालून हाका मारून दमल्या. शेवटी तासाभरानं कडी निघाली. चेहऱ्यावरून काही कळेना, म्हणजे लग्न जमल्यावर आणि जामीन मिळाल्यावर माणसाचा होतो त्याच्या मधला कुठला तरी चेहरा. ओवाळून घेतलं आणि तबकात ओवाळणी घातली. काळा टी-शर्ट. तिच्या मापाचा नव्हता.

"कसाय?" मी संध्याकाळी विचारलं.

"वेळ द्यावा लागतो."

मेटलवाल्यांच्या भाषेत याचा अर्थ अजून कळलं नाही, पण आवडायचं ठरलेलं आहे. चौथ्या दिवशी "उलगडतोय हळूहळू" असा निरोप आला. भाऊबीज उलटून तुळशीची लग्नं आली तोवर तो पुन्हा मास्टरपीसवर स्थिर झाला. आणि अल्बमला महिना झाल्यावर एका रात्री हळूच म्हणाला, "खरं सांगू का? जुनं ड्रीम थिएटर ते जुनं ड्रीम थिएटर." जगातल्या यच्चयावत सुपरग्रुपांच्या पहिल्या अल्बमांना चाहते अखेर हीच ओवाळणी घालतात. नवा बँड ऐकायला गर्दी करायची ती जुना आठवायला.

आळेफाट्याच्या गड्यानं मग बैठकीत डाऊन या बँडची गोष्ट काढली. पँटेराचा अन्सेल्मो, कॉरोजन ऑफ कन्फॉर्मिटीचा कीनन, क्रोबारचा विंडस्टाइन असे गडी त्यात होते आणि त्यांचा पहिला अल्बम, नोला, १९९५ साली आला. पण त्याच्या काही वर्षं आधीपासून त्यांची डेमो कॅसेट हातोहात फिरत होती. वाटणारे हेच गडी, पण आपण त्यात आहोत हे न सांगता, हा एक नवा बँड ऐका म्हणून. ऐकणाऱ्यांना आवडली ती नावं कळायच्या आधी. "याला म्हणायची खरी पावती," आळेफाटा म्हणाला, "नाव झाकून ऐक आणि सांग."

"नाव झाकलं तर ऐकायचं कशाला?" मेटलवाला म्हणाला.

असं वाक्य तोंडातून जातं आणि मग परत घेता येत नाही. तो बराच वेळ दुधावरची साय ढवळत बसला. मला विचाराल तर त्या तिघांच्या सबंध चर्चेतलं हे एकच खरं बोलणं होतं. आपण सगळे पाटी वाचूनच तंबूत शिरतो. फक्त बाहेर आल्यावर वग चांगला होता म्हणून सांगतो.

नाव झाकून ऐकणारा माणूस त्याच्या घरातच होता. एकदा दुपारी आबा ओट्यावर पडले होते आणि मेटलवाल्यानं स्पीकरवर अल्बम लावला. आबांनी बंद कर म्हटलं नाही, हेच आधी विशेष. दोन गाणी डोळे मिटून ऐकली.

"ढोलकीवाला तयारीचा हाये. हात किती त्याला?"

"पायानं पण वाजवतो, आबा. दोन्ही."

"तरीच. पण ह्यो फडाचा मालक हाये."

मेटलवाला उठून बसला. "कसं वळखलं?"

"आरं, पगारी ढोलक्या गाणाऱ्याला जागा देतो. ह्यो देत न्हाई. मालकाला कोण म्हणंल, जरा दमानं घ्या?" थोडं थांबून आबा म्हणाले, "पेटीवाला आन् त्यो तारवाला, दोघांचा सवाल-जवाब झकास चाललाय. पण सवाल काय हाये त्ये कळंना."

"आन् गाणारा?"

"गाणारा पाहुणा हाये. जेवून जाईल."

आता हे नुसतं म्हाताऱ्याचं बोलणं म्हणून सोडून द्यावं, तर त्या अल्बमची निर्मिती खरोखरच पोर्टनॉय आणि शेरिनियन या दोघांनी केलेली. ढोलकी आणि पेटी, दोन्ही मालकाच्या. मेटलवाल्यानं त्या वेळी आबांना काही कबूल केलं नाही. पुढच्या रविवारी पुण्याला गेला आणि तिथल्या मित्रांपुढे मात्र "निर्माताच ड्रमर असला की मिक्समध्ये सत्तेचा तोल ढळतो" असं एक भाषण केलं. मित्र गप्प झाले. एकानं ते वहीत उतरवून घेतलं म्हणतात. आबांचं नाव त्यात आलं नाही. पाटीवर नाव यायला फड लागतो.

अल्बमचं खरं स्वागत मात्र झालं ते आमच्या शिवारात. जुन्नर-आंबेगावात रात्रीची वीज म्हणजे रात्रीचं पाणी, आणि रात्रीचा ऊस म्हणजे बिबट्या. एकट्यानं जाऊ नका, बॅटरी घ्या, मोबाइलवर गाणी लावा, असं सगळे सांगतात. तसे सगळे लावतातच. कुणी भारूड लावतं, कुणी लावणी, कुणी कीर्तन. मेटलवाल्यानं सायकॉटिक सिंफनी लावली. दुसऱ्या रात्री शेजारच्या वावरातले नाना बांधावर येऊन उभे. आम्हाला वाटलं, भांडायला आले.

"त्ये शेवटचं लाव. लांबलचक. मधी कुणी गात न्हाई त्ये."

म्हणजे ओपस मॅक्झिमस. दहा मिनिटांच्या वरचं, नुसतं वाजवण्याचं. नानांना त्यात काय आवडलं हे त्यांनी स्वच्छ सांगितलं: गाणारा मध्ये आला की आवाज खाली येतो, आणि तेवढ्यात जनावर जवळ येतं. हीच गोष्ट जुन्नरचा गडी दोन महिने अवघड शब्दांत सांगत होता. मग ते गाणं लाइट जाईपर्यंत फिरत राहिलं. आठवड्यात वरच्या अंगाच्या दोघांनी ते आपल्या फोनवर मागून घेतलं. बँड कुठला, माणसं कोण, आधी कुठे वाजवत होती, एकानंही विचारलं नाही. डाऊनवाल्यांना जी पावती कॅसेटी वाटून मिळाली, ती यांना आमच्या उसात फुकट मिळाली. मेटलवाल्याला मात्र याचा राग आला. एवढी पाच नावं, आणि उपयोग काय तर बिबट्या!

सन्स ऑफ अपोलोचा दुसरा अल्बम २०२० च्या जानेवारीत आला आणि दोन महिन्यांत जग बंद झालं. तिसरा आलाच नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात पोर्टनॉय ड्रीम थिएटरमध्ये परतला. मेटलवाल्यानं ही बातमी आबांना सांगितली, ढोलकीवाला जुन्या फडात गेला म्हणून. आबा म्हणाले, "कवा तरी जानारच हुता. तिथं मालकी हाये त्याची."

तेव्हापासून मेटलवाल्याचं नवं मत तयार होतं: पोर्टनॉय आला म्हणजे आता मास्टरपीस. त्या जोडणीचा पहिला अल्बम, पॅरासोम्निया, ७ फेब्रुवारी २०२५ ला आला. मी विचारलं तर म्हणाला, वेळ द्यावा लागतो. मी ऐकलाय. चांगला आहे, पण ढोलकी अजून मालकाचीच आहे.