टायसनचे दादा

चाकण, हिंजवडी, वाघोली या पट्ट्यात जमिनींना भाव आला, तसे बंगले उभे राहिले, बंगल्यांना काळी-सोनेरी गेटं लागली आणि गेटांमागे रॉटवायलर आले. हा क्रम सहसा चुकत नाही. आधी पांढरी फॉर्च्युनर, मग दारावर 'आईची कृपा', मग टायसन. टायसन नसला तर ब्रुनो, नाहीतर सीझर. आमच्या शेजारच्या दादांकडे टायसन आहे.

दादा 'कुत्रा आणला' असं म्हणत नाहीत. 'ब्लडलाइन घेतली' म्हणतात. पिल्लाबरोबर केनेल क्लब ऑफ इंडियाचा कागद मिळाला. त्यावर टायसनचा बाप, आजा, पणजा, सगळे नावानिशी हजर. दादांच्या स्वतःच्या सातबाऱ्यावर सतरा नावं आहेत, चुलतभावांशी दिवाणी कोर्टात तारखा चालू आहेत आणि एक आत्या हक्कसोडपत्रावर सही करायला काही केल्या तयार नाही. टायसनच्या घराण्यात मात्र कोणाचीच हरकत नाही. "याला म्हणतात क्लिअर टायटल," असं म्हणत दादा तो लॅमिनेट केलेला कागद पाहुण्यांना दाखवतात आणि परत वहिनींच्या दागिन्यांच्या कपाटात ठेवतात.

इतिहास त्यांना तोंडपाठ आहे. जर्मनीत रॉटवाइल नावाचं गाव. तिथल्या खाटकांचे हे कुत्रे. गुरं बाजाराला हाकायची, मांसाची गाडी ओढायची आणि परत येताना धन्याच्या पैशाची पिशवी गळ्यात बांधून आणायची, असं सांगतात. इथे दादा थांबून म्हणतात, "पतसंस्थेपेक्षा बरं." ऐकणाऱ्यांपैकी निम्मे हसतात, ज्यांच्या ठेवी बुडाल्या ते हसत नाहीत. पुढे रेल्वे आली, गुरं डब्यातून जाऊ लागली आणि या कुत्र्याचं काम गेलं. १८८२ साली हाइलब्रॉनच्या प्रदर्शनात या जातीचा एकच कुत्रा आला होता, तोही यथातथाच. मग विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलिसांनी त्याला कामावर घेतलं आणि जात सावरली. "शेवटी पोलीस भरतीनंच तारलं," हे दादांचं तात्पर्य. आमच्या भागात ते सगळ्यांना लगेच पटतं.

दादा पांढऱ्या कपड्यांतले. कडक इस्त्री, खिशाला पेन. टायसन काळाकुळकुळीत, आणि त्याचे केस वर्षभर गळतात. शिवाय आपल्या माणसाच्या पायाला टेकून उभं राहायची या जातीला खोड असते. पन्नास किलो माया रोज एकाच गुडघ्यावर टेकत असल्यामुळे दादा हल्ली जरा डावीकडे झुकून चालतात. लग्नाच्या मांडवात ते पाठमोरे असले तरी ओळखू येतात: उजवी मांडी काळी.

बंगल्याच्या हॉलला इटालियन मार्बल आहे. म्हणजे असावा. तो पाहिलेली माणसं आता गावात थोडी उरली आहेत. डॉक्टरांनी सांगितलं की या जातीचे खुब्याचे सांधे मुळात नाजूक, गुळगुळीत फरशीवर पाय फाकतात, जपा. दादांनी दुसऱ्याच दिवशी गोठ्यात म्हशींखाली घालतात तसल्या रबरी मॅट आणून भिंतीपासून भिंतीपर्यंत अंथरल्या. वहिनी दोन दिवस बोलल्या नाहीत. "वजनही कमी करायला हवं," असं डॉक्टर म्हणाले तेव्हा दादांनी पटकन पोट आत घेतलं होतं.

रविवारची सकाळ खास. दादा ओट्यावर बसतात. नाकावर चाळिशी, हातात वहिनींचा भुवया कोरायचा चिमटा, शेजारी वाटीत साबणाचं पाणी. टायसनचा पंजा मांडीवर घेऊन बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधायची, कातडीलगत धरायची, सरळ ओढायची, वाटीत टाकायची. "मुंडी आत राहता कामा नये," हे स्वतःशीच. एकदा गोचीडतापानं टायसननं अन्न सोडलं होतं, तेव्हापासून हे व्रत. मध्येच आमदारांच्या पीएचा फोन येतो. दादा मान वर न करता पोराला म्हणतात, "मीटिंगमध्ये आहेत म्हण."

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारचं पत्रक आलं: धोकादायक म्हणून तेवीस जातींच्या कुत्र्यांची विक्री आणि पैदास थांबवा, आधीच पाळलेल्यांची नसबंदी करा. यादीत रॉटवायलर होता. ग्रामपंचायतीचं इतिवृत्त न वाचता सही ठोकणाऱ्या दादांनी ते इंग्रजी पत्रक भाच्याकडून तीनदा वाचून घेतलं. नसबंदीवर ते फार हलले. एवढी तीन पिढ्यांची नोंद, आणि पुढे वारस नाही? एप्रिलमध्ये कर्नाटक आणि दिल्लीच्या उच्च न्यायालयांनी पत्रक रद्द केलं, संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं होतं म्हणून. दादांनी आळीत पेढे वाटले. चुलतभावांविरुद्ध निकाल लागला तरी एवढे वाटतील असं वाटत नाही.

टायसन खरा भितो तो दादांच्या आईला. आक्का त्याला टायश्या म्हणतात. "सरक मेल्या," म्हटलं की पन्नास किलो निमूट सरकतात. दिवाळीत पहिला सुतळी बॉम्ब फुटला की हा जर्मन खाटकांचा वारस आक्कांच्या खाटेखाली शिरतो, आणि अख्खी खाट आक्कांसकट थरथरते. दादा टीव्हीचा आवाज मोठा करून दाराशी बसतात आणि गल्लीतल्या पोरांना लवंगी लावण्याबद्दल प्रत्येकी शंभर रुपये देतात. पोरं हुशार. आता वसुबारसेलाच सुतळी बॉम्ब दाखवून जातात.

दादांचं खरं नुकसान राजकारणात झालं. गावच्या पुढाऱ्याचं दार कायम उघडं पाहिजे. दाखला, भांडण, पोराची ॲडमिशन, माणसं उंबऱ्यापर्यंत आली पाहिजेत, चहा झाला पाहिजे. आता माणसं गेटबाहेरूनच ओरडतात, "दादा, बांधलाय का?" आतून "या, या, बांधलाय" म्हणेपर्यंत टायसन प्रेमानं गेटवर दोन पाय टाकून उभा राहतो आणि काम घेऊन आलेला माणूस विरुद्ध पॅनेलच्या आळीला लागतो. शेवटी दादांनी गेटबाहेर, नारळाखाली, सहा प्लास्टिकच्या खुर्च्या टाकल्या. हल्ली दादा तिथे भेटतात. आत एसीत टायसन.

गेल्या पावसाळ्याआधी रात्री कोणीतरी बंगल्यामागच्या विहिरीवरची मोटार नेली, केबलसकट. पंचनाम्याला पोलीस पाटील आले. गेटवरची 'कुत्र्यापासून सावध रहा' ही पाटी त्यांनी सावकाश वाचली आणि विचारलं, "हा कुठं होता?"

"आतच होता," दादा म्हणाले. "बाहेर डास फार झालेत."