भाग जुना, कागद नवा

विमानाच्या इंजिनात नट-बोल्टाइतकाच भाव कागदाला असतो. सुटा भाग कुणी बनवला, कुणी तपासला याचा दाखला नसेल, तर धडधाकट भागही बसवता येत नाही. लंडनच्या एओजी टेक्निक्स या सुटे भाग विकणाऱ्या कंपनीने यातून सोयीचा अर्थ काढला: भागाचं राहू द्या, दाखला तेवढा चोख हवा! बोइंग ७३७ आणि एअरबस ए३२०च्या सीएफएम५६ इंजिनांचे भाग बनावट प्रमाणपत्रांसह खुशाल विकले गेले. २०२३ साली पोर्तुगालच्या टॅप या विमान कंपनीतल्या इंजिनियरांना एक ‘नवा’ भाग चांगलाच झिजलेला दिसला आणि बिंग फुटलं. मग इंजिनं उघडून शोधाशोध करताना विमान कंपन्यांच्या नाकी नऊ आले. वय चोरायची हौस माणसांनी खुशाल भागवावी. पस्तीस हजार फुटांवर जन्मदाखला खराच लागतो.