सोनार आणि कान

कान सोनारानेच टोचावेत, असं प्रस्तुत लेखकाची आई म्हणते. पुण्यातल्या वाघोलीत सातव्या मजल्यावर राहणाऱ्या या प्रोग्रामरला त्या म्हणीचा अर्थ वयाच्या अडतिसाव्या वर्षी कळला, तोही खराडीच्या ऑफिसात.

झालं असं की, कंपनीने 'सोनारक्यूब' बसवलं. दुसऱ्याचा कोड वाचून त्यातल्या खोडी काढणारं हे सॉफ्टवेअर मूळचं स्वित्झर्लंडचं. सोन्याशी त्याचा काही संबंध नाही. पण टीममधल्या मराठी मंडळींनी पहिल्याच दिवशी त्याचा 'सोनार' केला, आणि चारच्या चहाला "आज किती कान टोचले?" ही चौकशी सुरू झाली.

लेखकाच्या एकाच फाइलवर ३१२ खुणा पडल्या होत्या. एका फंक्शनला अकरा पॅरामीटर. सोनाराला सातपर्यंत चालतात. गुंतागुंतीची मर्यादा १५, लेखकाची ८४. खाली 'तांत्रिक उधारी'ही मांडलेली: हे सगळं निस्तरायला १९ दिवस. ज्याच्या डोक्यावर वीस वर्षांचं गृहकर्ज आहे, त्याला ती किरकोळच वाटली.

"पण चालतंय ना?" लेखकाने विचारलं.

चालतंय, हीच तर गोम. ही चूक नव्हे, हा वास. 'कोड स्मेल' हा शब्द केंट बेकचा. मार्टिन फाउलरच्या १९९९ च्या 'रिफॅक्टरिंग' या पुस्तकाने तो जगभर नेला. त्यातल्या वासांच्या प्रकरणाच्या माथ्यावर बेकच्या आजीचा बाळ सांभाळण्याबद्दलचा सल्ला छापलाय. तो काय असेल, हे लंगोट बदललेल्या कुणालाही सांगायला नको. लेखकाची आईसुद्धा पातेल्यावरचं झाकण नुसतं किलकिलं करून दूध नासणार की राहणार ते सांगते. अडचण एवढीच, की आईचं नाक सर्व्हरवर चढवता येत नाही.

मग नाकाचे आकडे करावे लागले. थॉमस मॅककेबने १९७६ मध्येच कोडमधल्या वाटा मोजायचं सूत्र दिलं होतं आणि दहाच्या पुढे जाऊ नका असं बजावलं होतं. १९७८ मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टीफन जॉन्सनने 'लिंट' लिहिलं; कपड्यावरचे तंतू टिपावेत तसं सी भाषेतल्या बारीकसारीक खोडी टिपणारं. डिझाइनचा वास हुंगायला मात्र आणखी पाव शतक गेलं. २००४ मध्ये रुमानियाच्या राडू मारिनेस्कूने 'गॉड क्लास', म्हणजे सगळी कामं स्वतःकडे ओढणारा कोडचा भाग, पकडायची रीत मांडली. त्यात तीन गोष्टी एकदम पाहायच्या: हा क्लास फार गुंतागुंतीची कामं करतो का, सारखा दुसऱ्यांच्या माहितीत हात घालतो का, आणि त्याच्या स्वतःच्या कामांचा एकमेकांशी काही संबंध आहे का.

लेखकाला हे वाचताना सोसायटीचे वॉचमनकाकाच दिसू लागले. गेट त्यांच्याकडे, पंप त्यांच्याकडे, कुरिअर, भटकी कुत्री आणि टँकरची वही त्यांच्याकडे. शिवाय कुणाच्या घरी कोण कधी आलं, ही इतरांची माहितीही तोंडपाठ. काका चार दिवस गावी गेले की तीन विंग कोरड्या पडतात. तिन्ही निकषांवर काका पूर्ण गुणांनी उत्तीर्ण.

दुसरा वास 'शॉटगन सर्जरी'चा: एक गोष्ट बदलायची तर पन्नास ठिकाणी हात घालावा लागणं. त्याचं उदाहरण लेखकाच्या खिडकीतून दिसतं. २०२४ मध्ये अहमदनगरचं अहिल्यानगर झालं आणि पाट्या, नकाशे, लेटरहेडं बदलत बसायची वेळ आली. वाघोलीकर मात्र दारातल्या रस्त्याला आधीपासूनच नुसतं 'नगर रोड' म्हणत होते. त्यांना एक अक्षर बदलावं लागलं नाही. डिझाइन असावं तर असं! (त्या रस्त्यावरच्या वाहतुकीबद्दल मात्र असं काही म्हणता येणार नाही.)

यंत्रांचं एक दुखणं आहे: ती ओरडतात फार. त्यावर पुण्यातच काम झालंय. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या टाटा रिसर्च डेव्हलपमेंट अँड डिझाइन सेंटरमधले तुकाराम मुस्के यांनी आइंडहोव्हेनच्या अलेक्झांडर सेरेब्रेनिक यांच्यासोबत २०१६ मध्ये अशा इशाऱ्यांचा निपटारा कसकसा करतात, याचा आढावा घेतला. त्यांचे इशारे शून्याने भागण्यासारख्या चुकांचे, वासाचे नव्हेत. पण त्रास तोच. त्यावरचा एक उपाय म्हणजे एकाच कारणाचे इशारे एकत्र बांधणं. हे वाघोलीकराला समजवावं लागत नाही. सकाळी सात वाजता सेक्रेटरीला चाळीस फोन येतात, चाळीस नळ कोरडे असतात, कारण एकच: टँकर आला नाही.

काही वास मात्र यंत्रालाही येत नाहीत. अमेरिकेच्या नाइट कॅपिटल या शेअर व्यवहार करणाऱ्या कंपनीत २००३ पासून न वापरलेला कोड तसाच पडून होता, माळ्यावरच्या तुटक्या कूलरसारखा. लागेल कधीतरी! १ ऑगस्ट २०१२ ला तो लागला. तो चालू करणाऱ्या जुन्या खुणेला नवा अर्थ दिला गेला, आठांपैकी एका सर्व्हरवर नवा कोड चढवायचा राहिला, आणि पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून अधिक बुडाले. तो कोड एका खुणेमागे दडलेला, म्हणजे यंत्राच्या लेखी जिवंतच. त्याला मेलेला कोण म्हणणार?

एवढं ज्ञान झाल्यावर लेखकाने फाइल सुधारायला घेतली असेल, असं वाचकाला वाटेल. लेखकाला दुसरा शोध लागला. ओळीच्या शेवटी शेऱ्यात 'नोसोनार' असं लिहिलं की सोनार ती ओळ सोडून देतो. सोनाराला दारातूनच परत पाठवायची सोय खुद्द सोनारानेच करून ठेवलेली! गुरुवारी रात्री लेखकाने आठ वर्षांत साचलेल्या त्या फाइलवर ती मुक्तहस्ते उधळली. खुणा ३१२ वरून थेट एकवर आल्या.

ती एक कुठली, हे शुक्रवारी सगळ्या टीमसमोर मोठ्या पडद्यावर दिसलं. घाईत एके ठिकाणी 'नोसोनार'मधला 'ओ' गळला होता.

"हे 'नोसनार' काय आहे, सर?" नुकत्याच लागलेल्या मुलीने विचारलं. तेवढी ओळ लेखकाने तिच्यासमोर बसून दुरुस्त केली. शब्दाचं स्पेलिंग, कोड नव्हे.