वायर आहे, जोडणी नाही

न्यूयॉर्कमध्ये ब्रुकलिनच्या रेड हुक धक्क्यावर २०१६ पासून क्रूझ जहाजांसाठी किनाऱ्यावरच्या विजेची सोय आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची पहिलीच. खर्च दोन कोटी डॉलरच्या आसपास. जहाजाने यायचं, वायर लावायची, इंजिन बंद करायचं. पण पाहुणीच नखरेल! काही जहाजांची जोडणी जमतच नाही म्हणे. मग दिवसभर इंजिन चालू: वर एसी आणि पोहण्याचा तलाव, खाली ब्रुकलिनमधली सर्वांत मोठी सरकारी वसाहत, दम्याने खोकणारी. रहिवाशांनी बोंब मारून मारून २०२४ मध्ये शहराला कायदा करायला लावला. आता जहाजाला शक्य असेल तर वायर लावावीच लागेल. 'शक्य असेल तर' वाचून आपल्याकडचा एखादा बाबू गहिवरलाच असता. रेड हुककरांनो, ते 'शक्य' होईतोवर खिडक्या लावून घ्या.