फियाटवाले काका

न्हावा शेवा बंदरात काय उतरत नाही? परदेशी सफरचंदं उतरतात, प्लास्टिकचे दाणे उतरतात, अख्ख्या कारखान्याची यंत्रसामग्री खोक्याखोक्यांनी उतरते. 26 मे 1989 रोजी सुरू झालेलं हे बंदर आज देशाच्या प्रमुख बंदरांतल्या कंटेनर-वाहतुकीचा जवळजवळ निम्मा भार उचलतं. आणि तरीही, बंदराच्या क्रेन ज्यांच्या गच्चीवरून दिसतात त्या फियाटवाल्या काकांना हवा असलेला अंगठ्याएवढा रबरी बुश तेवढा इथे मिळत नाही. उलवे असो, द्रोणागिरी असो की उरणमधली जुनी आळी, असे एक काका जवळपास निघतातच. खूण सोपी आहे. ताडपत्रीखाली, चारी चाकं काढून लाकडी ठोकळ्यांवर चढवलेली एक गाडी असते, सोसायटीच्या वार्षिक सभेत तिच्यावर एक विषय असतो आणि काकांचं त्यावर ठरलेलं उत्तर असतं, "काम चालू आहे." सेक्रेटरी बदलतात, इमारतीला दोनदा रंग लागतो, शिवडीहून न्हावा शेव्यापर्यंत अटल सेतू बांधून होतो, 12 जानेवारी 2024 ला त्याचं उद्घाटनही होतं, इकडे काम चालूच. लोक याला वेड म्हणतात. माझं म्हणणं असं की काका हे एका मरू घातलेल्या बाजाराचं शेवटचं नियमित गिऱ्हाईक आहेत, आणि त्यांची गाडी कधी रस्त्यावर येते यापेक्षा त्यांची ही गिऱ्हाइकी जास्त कामाची आहे.

हे वेड इंजिनातून सुरू होत नाही, सस्पेन्शनमधून होतं. इंजिन बिचारं सोशिक. 1089 सीसीचं ते साधं यंत्र कुठल्याही जुन्या मिस्त्रीच्या हाताला वश होतं. रंग, पत्रा आणि गाद्या यांना पैसे लागतात, अक्कल फारशी लागत नाही. सस्पेन्शनची तऱ्हा वेगळी. पुढे दोन्ही बाजूंना स्वतंत्र आर्म, गुंडाळी स्प्रिंगा आणि किंगपिना. मागे सरळ ॲक्सल आणि तो पेलणारे पाटे. सांध्यासांध्यात रबर किंवा पितळ, आणि प्रत्येकाची झीज निराळी. काका एक बुश बदलायला म्हणून जॅक लावतात. तो नवा बसला की शेजारचा जुना वाटायला लागतो. तो बदलला की दोघांच्या आवाजाआड इतकी वर्षं दडलेला किंगपिनचा खडखडाट ऐकू येतो. किंगपिन काढली की चाकाचा कल जुळत नाही, म्हणून आर्म तपासावा, तर खाऱ्या वाऱ्याने त्याचा बोल्ट आतल्या आत गंजून जाम झालेला. अशा रीतीने अर्ध्या दिवसाचं काम एका पिढीचं होतं. इथे हौसेचा भाग आहेच, पण करळ फाट्याच्या आसपास ट्रेलरांनी उखडलेल्या रस्त्यांवरून ज्याने एकदा फियाट चालवली, त्याला सस्पेन्शन ही चैनीची बाब वाटणं शक्य नाही.

काकांच्या सदऱ्याच्या वरच्या खिशात पेन नसतं, नमुना असतो. नमुना म्हणजे झिजून एका अंगाला पातळ झालेला जुना बुश, वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेला. कडेची भेग तेलाने काळी पडलेली, आतली लोखंडी नळी एका बाजूला सरकलेली. ऑपेरा हाऊसच्या सुट्या भागांच्या दुकानांत, कुर्ल्याच्या भंगारवाल्यांकडे, पुण्यात बुधवारी आणि रविवारी भरणाऱ्या जुन्या बाजारात तो काउंटरवर ठेवला जातो. दुकानदार त्याला हात न लावता विचारतो, "कुठल्या सालची?" काका साल सांगतात. "डावा की उजवा?" काका म्हणतात, दोन्हीकडे एकच लागतो. दुकानदार पहिल्यांदा मान वर करून बघतो, कारण समोरचा माणूस कच्चा नाही हे आता ठरलेलं असतं. आणि मग दोघांचा चहा होतो. वस्तू मिळतेच असं नाही. पण पुढचा पत्ता मिळतो. पनवेलच्या लग्नात मंडळी पंगतीला बसतात तेव्हा काका मंगल कार्यालयाच्या पार्किंगमध्ये कुणाच्या तरी गाडीखाली वाकलेले असतात. काकू त्यांना शोधायला माणूस पाठवतात, आणि तो माणूसही वाकतो.

आता मुद्द्याकडे. हा बाजार मुळात कुणी उभा केला? शौकिनांनी नव्हे, टॅक्सीवाल्यांनी. वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स 1944 ची. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून पुढे फियाट 1100 निघाली, साठच्या दशकात तिची 'डिलाइट' झाली, सत्तरच्या दशकात आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी'. मुंबईत काळी-पिवळी म्हणून हीच गाडी वर्षानुवर्षं दिवसरात्र धावली. खड्ड्यांत बुश फुटत होते, किंगपिना झिजत होत्या, म्हणून गल्लोगल्ली कुणी पितळी बुश कातत होता, कुणी रबर साच्यात घालत होता, कुणी पाटे ठोकत होता. टॅक्सीवाल्याला मूळ कंपनीचा भाग परवडत नव्हता आणि थांबणंही परवडत नव्हतं, तेव्हा वस्तू स्वस्त आणि आजच्या आज हवी. खाजगी मालक आपली फियाट रविवारी पुसून ठेवत असताना तिच्या सुट्या भागांचा बाजार हा टॅक्सीवाला चालवत होता. कारखान्यातून पद्मिनी निघणं शतक संपता संपता थांबलं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी नोंदली गेली 29 ऑक्टोबर 2003 ला, आणि टॅक्सीची वयोमर्यादा वीस वर्षांची असल्यामुळे ऑक्टोबर 2023 अखेर तीही उतरली. त्या दिवशी वर्तमानपत्रांनी आठवणींचे रकाने भरले. गाडीबरोबर तिच्या बुशवाल्याचं गिऱ्हाईकही गेलं, ही बातमी कुणी दिली नाही. उरले काका. जे टॅक्सीला "गाडी मारून टाकतात लेकाचे" म्हणून नाक मुरडायचे, तेच आज टॅक्सीवाल्यांची गादी चालवताहेत.

भागापेक्षा हत्याराची गोष्ट वाईट. भागाला निदान नंबर असतो, जुन्या पुस्तिकेत चित्र असतं. जाम किंगपिन बाहेर काढण्याचा ओढा, दाबलेली स्प्रिंग धरून ठेवण्याचा शिकंजा, या वस्तू टॅक्सीच्या गॅरेजांत मिस्त्रीने स्वतःच बनवलेल्या असायच्या. दोन आटेदार सळ्या, ट्रकच्या पाट्याचा एक तुकडा, चार नट. नाव नाही, छाप नाही. गॅरेज बंद झालं की ही हत्यारं किलोवर जातात, कारण ती कशाची हे घेणाऱ्याला कळत नाही आणि देणाऱ्याच्या मुलाला सांगता येत नाही. काकांना कळतं. भंगाराच्या ढिगातून असा शिकंजा ओळखून काढणं ही त्यांची खरी विद्वत्ता. ती चेष्टेवारी नेऊ नये, कारण दबलेली गुंडाळी स्प्रिंग अवचित सुटली तर माणसाचा जबडा फोडते. यांचेच भाऊबंद जीपवाले काका. त्यांचा संसार इंचांत आणि सुतात, चार सूत म्हणजे अर्धा इंच. फियाटवाल्यांचे मिलिमीटरचे पाने त्यांना उसनेही चालत नाहीत. मॉरिस मायनरवाले तिसरी जात, त्यांनी पुढच्या ट्रनियनला वेळेवर ग्रीस दिलं नाही तर चाक दुमडून बसतं, म्हणून ते कायम चिंतेत.

पहिला आक्षेप असा की बंदर शेजारी असताना वस्तू सरळ बाहेरून का मागवू नये? न्हावा शेव्याचे पुष्कळसे काका क्लिअरिंग एजंटाच्या कचेरीत केस पिकलेले असतात आणि या प्रश्नाचं उत्तर रामरक्षेसारखं म्हणून दाखवतात. सस्पेन्शनचे भाग आणि शॉक ॲब्सॉर्बर जकातीच्या 8708.80 या सदरात. पण स्प्रिंग त्यात नाही, ती 7320 मध्ये, पाटे 7320.10, गुंडाळी 7320.20. व्हल्कनाइज्ड रबराचा बुश आणखी तिसरीकडे, 4016 मध्ये. म्हणजे एक चाक नीट टेकवायचं तर सरकारी पुस्तकाचे तीन अध्याय उघडायचे. एवढं करून चार बुशांसाठी कंटेनर कुणी पाठवत नाही. पुडकं विमानाने येतं, म्हणजे बंदराच्या दाराशी राहून ते आणायला सहारला जायचं. आणि इटलीत जुन्या फियाट 1100 चे नवे भाग मिळाले, तरी कुर्ल्यात इतकी वर्षं बनत राहिलेल्या गाडीत देशी फेरफार झालेले. तिकडचा भाग इकडे बसेलच याची हमी नाही. जागतिक व्यापार लाखो सारख्या नगांसाठी असतो. एका बुशाला उपाय लागतो तो टप्प्यातला माणूस.

तो माणूस बंदरामुळेच इथे आहे, ही यातली गंमत. कंटेनरचे ट्रेलर पाटे मोडतात म्हणून त्यांच्या वाटेवर पाटेवाले बसलेले आहेत. काका आपल्या गाडीचा मागचा पाटा पोत्यात घालून तिथे जातात. पाटेवाला यू-बोल्टांच्या खुणा बघतो, सेंटर बोल्ट काढतो, पानं सुटी करून जमिनीवर उतरत्या क्रमाने मांडतो. ट्रेलरच्या पाट्यांशेजारी फियाटची पानं अगदीच किरकोळ दिसतात, त्यावर एक विनोद होतो. मग प्रत्येक पान ऐरणीवर धरून तो थंडच ठोकत जातो, टोकाकडून मध्याकडे, थोडं थोडं. मध्येच ते दुसऱ्या पानावर ठेवून फटीतून उजेड किती येतो ते बघतो. तापवून वाकवणं सोपं पडलं असतं, पण त्याने पोलादाचं पाणी उतरतं आणि पाटा चार महिन्यांत पुन्हा बसतो. हे त्याला कुणी शिकवलेलं नसतं, मोडून परत आलेल्या पाट्यांनी शिकवलेलं असतं. काका पानांच्या मध्ये ग्रॅफाइटचं ग्रीस लावा म्हणून सांगतात. तो "हो काका" म्हणतो आणि स्वतःच्या मनाचं करतो.

दुसरा आक्षेप खर्चाचा, की एवढ्यात नवी गाडी आली असती. आली असती, आणि तिचा बुश झिजल्यावर अख्खा आर्म बदलायला सांगितला असता, कारण हल्ली पुष्कळदा बुश सुटा मिळतच नाही. तिसरा धुराचा. तो रास्त आहे, पण ठोकळ्यांवरची गाडी किती धूर करणार? शिवाय 2021 च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी नोंदणी दिली आहे, वीस हजार रुपये भरून. मात्र मग तिने रोज रस्त्यावर यायचं नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल आणि दुरुस्ती एवढ्यापुरतंच. काकांना ही अट जाचत नाही, कारण त्यांची गाडी दुरुस्तीशिवाय कशासाठीच बाहेर पडलेली नसते. चौथा आक्षेप तरुणांचा, की लाल-निळे पॉलीयुरेथेनचे बुश बसवा आणि मोकळे व्हा. त्यावर काका चिडतात, आणि बरोबर चिडतात. बुशाचं माप जमणं ही अर्धी गोष्ट. रबर फार कडक असेल तर प्रत्येक खडा मणक्यापर्यंत येतो, फार नरम असेल तर गाडी वळणावर डुलते. किती कडक हे मूळ बुश दाबून पाहिलेल्या माणसाच्या बोटांना माहीत असतं.

खरा अडचणीचा आक्षेप काकूंचा आहे: घरात बिस्किटांच्या डब्यांत हे शंभर-शंभर बुश कशाला? साठेबाजीचा आरोप मला नाकारता येत नाही. जी वस्तू दुर्मीळ आहे ती काका चारच्या चार उचलतात आणि ती आणखी दुर्मीळ करतात. एक गाडी, आठ किंगपिना, हा हिशेब कुठल्याही तर्कात बसत नाही. पण शंभराचा उगम वेगळा आहे. रबर मोल्डिंगवाला साचा बनवायला तयार होतो, दोन नगांसाठी मात्र यंत्र तापवत नाही. शंभर घ्या, म्हणतो. काका घेतात, कारण न घेतले तर तो साचाच होणार नाही. दोन बुश गाडीला लागतात, उरलेले डब्यात जातात, आणि हळूहळू कोल्हापूर, सोलापूर, नाशिककडून फोन यायला लागतात, की तुमच्याकडे म्हणे माल आहे. मग काकांचा आवाज बदलतो. "कुठल्या सालची?" ते विचारतात. नमुना पाठवायला सांगतात. आलेला बुश नखाने दाबून बघतात, नापसंतीने मान हलवतात आणि दोन नवे कुरिअरने धाडतात. पैसे घेत नाहीत. डाव्या बाजूची एखादी चांगली किंगपिन असली तर बघा, एवढंच सांगतात.